नोटबंदीचा निकाल, नायजेरियाचा निकाल आणि पाचशेची नोट

'मार्च २०२६ पासून पाचशेची नोट बंद' हा मेसेज गेल्या वर्षी आमच्या जवळपास प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरून गेला. विहाराच्या ग्रुपवर आला, बचत गटाच्या ग्रुपवर आला, जयंती मंडळाच्या ग्रुपवर तर तीनदा आला. बातमी खोटी होती. एप्रिल २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना एवढेच सांगितले होते की एटीएममधून शंभरच्या किंवा दोनशेच्या नोटा मिळाल्या पाहिजेत. सप्टेंबर २०२५ पर्यंत ७५ टक्के एटीएममध्ये आणि मार्च २०२६ पर्यंत ९० टक्के एटीएममध्ये. त्यात पाचशेची नोट बंद करण्याचा उल्लेख नव्हता. सरकारनेही खुलासा केला. तरी लोक घाबरले. आमच्या वस्तीतल्या एका मावशीने डब्यातल्या पाचशेच्या नोटा त्याच संध्याकाळी किराणा दुकानात नेऊन सुट्ट्या करून घेतल्या.

मावशींना अडाणी म्हणणे सोपे आहे. पण ८ नोव्हेंबर २०१६ ची रात्र त्यांनी पाहिली आहे. रात्री आठ वाजता पंतप्रधान टीव्हीवर आले आणि चार तासांत पाचशे व हजारच्या नोटा व्यवहारातून गेल्या. देशात फिरणाऱ्या चलनाच्या किमतीपैकी सुमारे ८६ टक्के रक्कम त्या दोन नोटांत होती.

त्या वर्षीचा ६ डिसेंबर आम्ही विसरलेलो नाही. नोटबंदीला महिना पुरा झाला नव्हता. चैत्यभूमीवर दरवर्षी येणारी माणसे आली, पण खिशात एकतर जुनी नोट किंवा दोन हजारची नवी. ऐंशी रुपयांचे पुस्तक आणि हातात दोन हजारची गुलाबी नोट, सुट्टे कोण देणार? आम्ही स्टॉलवर उभे होतो. लोक पुस्तक चाळत, किंमत विचारत आणि परत ठेवून पुढे जात. वर्षभर वाट पाहून आलेला माणूस पुस्तक परत ठेवतो तेव्हा कसे वाटते, ते स्टॉलवर बसलेल्यालाच कळते.

हा लेख त्या आठवणींसाठी नाही. आम्हाला विचारायचे आहे की उद्या पुन्हा असे झाले तर आपल्या हातात काय आहे? न्यायालयात जाता येईल हे खरे. पण न्यायालय काय देईल आणि कधी देईल? याचे उत्तर दोन निकालांत आहे. एक आपल्या सर्वोच्च न्यायालयाचा, २ जानेवारी २०२३ चा. दुसरा नायजेरियाच्या सर्वोच्च न्यायालयाचा, ३ मार्च २०२३ चा. दोन महिन्यांच्या अंतराने दोन देशांच्या सर्वोच्च न्यायालयांपुढे जवळजवळ एकच प्रश्न होता: सरकारने लोकांच्या हातातला पैसा अचानक बदलला, तर त्याला कायद्याची कोणती मर्यादा आहे?

आधी आपला निकाल. रिझर्व्ह बँक कायदा १९३४ चे कलम २६(२) सांगते की बँकेच्या केंद्रीय संचालक मंडळाने शिफारस केली की केंद्र सरकार राजपत्रात अधिसूचना काढून कोणत्याही किमतीच्या नोटांची कोणतीही मालिका कायदेशीर चलन नाही असे जाहीर करू शकते. शिफारस मंडळाची, घोषणा सरकारची. २०१६ मध्ये काय झाले? ७ नोव्हेंबरला अर्थ मंत्रालयाने रिझर्व्ह बँकेला पत्र पाठवले. ८ नोव्हेंबरला संध्याकाळी साडेपाचला दिल्लीत संचालक मंडळाची बैठक झाली. रात्री आठला घोषणा. म्हणजे सरकारने मंडळाला सांगितले की अशी शिफारस करा, मंडळाने केली आणि सरकारने ती 'स्वीकारली'. त्या बैठकीचे इतिवृत्त पुढे माहितीच्या अधिकारातून बाहेर आले. काळा पैसा बहुतांशी रोख रकमेत नसतो, सोने आणि जमीन-घरांत असतो, अशी नोंद त्यात आहे. एवढे लक्षात येऊनही मंडळाने मान डोलावली.

एकूण ५८ याचिका झाल्या. १६ डिसेंबर २०१६ ला तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने नऊ प्रश्न काढून प्रकरण घटनापीठाकडे पाठवले, इतर न्यायालयांतल्या सुनावण्या थांबवल्या आणि अंतरिम दिलासा दिला नाही. आमच्या मते सगळा खटला त्या दिवशीच निकाली निघाला, पुढची सहा वर्षे त्याची कागदपत्रे तयार झाली. तेव्हा बँकांपुढे रांगा होत्या. जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांना १४ नोव्हेंबरपासून जुन्या नोटा घ्यायला मनाई होती, आणि महाराष्ट्रातल्या खेड्यात शेतकऱ्याची बँक म्हणजे हीच बँक. न्यायालयाने काही करायचे असेल तर ते त्या पंधरा दिवसांत करण्यासारखे होते.

घटनापीठापुढे सुनावणी उभी राहिली ती ऑक्टोबर २०२२ मध्ये. तोवर प्रश्न बदलला होता. न्यायालयाला आधी हेच ठरवावे लागले की हा विषय आता केवळ पुस्तकी उरला आहे का. सरकारचे म्हणणे तेच होते.

निकाल चार विरुद्ध एक असा लागला. बहुमताचे निकालपत्र न्यायमूर्ती भूषण गवई यांनी लिहिले.

इथे आम्हाला थांबावे लागते. न्यायमूर्ती गवई अमरावतीचे, रिपब्लिकन चळवळीतले नेते दादासाहेब गवई यांचे पुत्र. मे २०२५ मध्ये ते देशाचे सरन्यायाधीश झाले, त्या पदावर बसलेले पहिले बौद्ध. त्या दिवशी आम्ही पेढे वाटले. ऑक्टोबर २०२५ मध्ये भर न्यायालयात त्यांच्या दिशेने बूट भिरकावण्याचा प्रयत्न झाला तेव्हा निषेध करायला आमच्यातले अनेक जण रस्त्यावर उतरले आणि पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा उतरतील. पण आमच्या तरुण कार्यकर्त्यांत एक गोष्ट दिसते. नोटबंदीवर बोलताना ते सरकारवर तुटून पडतात आणि निकालाचा विषय निघाला की आवाज खाली येतो. आपल्या माणसाने लिहिलेला निकाल आहे, कशाला बोलायचे? परंपरेने सांगितले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा सांगणारा आपला गुरू आहे म्हणून मानू नका, असे कालामांना सांगणाऱ्या बुद्धाचे आपण उपासक. व्यक्तिपूजेबद्दल संविधान सभेत बाबासाहेबांनी दिलेला इशाराही आपल्याला पाठ आहे. मग निकाल वाचू या, आदर ठेवून आणि डोळे उघडे ठेवून. शिवाय तो एकट्या गवई साहेबांचा नाही, त्यावर चार न्यायमूर्तींची सही आहे.

बहुमताचे म्हणणे हलके नाही. 'कोणतीही मालिका' या शब्दांचा अर्थ 'सर्व मालिका' असाही होऊ शकतो, असे ते म्हणते. प्रस्ताव आधी सरकारकडून आला म्हणून प्रक्रिया बिघडत नाही, कारण सरकार आणि रिझर्व्ह बँक यांच्यात सहा महिने विचारविनिमय चालू होता. आर्थिक धोरण चूक की बरोबर हे ठरवणे न्यायालयाचे काम नाही. काळा पैसा, बनावट नोटा, दहशतवादाला मिळणारा पैसा ही उद्दिष्टे योग्य होती आणि उपाय त्यांच्याशी जोडलेला होता. नोटा बदलण्यासाठी दिलेले ५२ दिवस अपुरे म्हणता येणार नाहीत, कारण १९७८ च्या नोटबंदीत जेमतेम तीन दिवस होते आणि ती न्यायालयाने वैध ठरवली होती.

आमची अडचण या शेवटच्या तुलनेपाशी आहे. १९७८ मध्ये रद्द झाल्या त्या एक हजार, पाच हजार आणि दहा हजारच्या नोटा. त्या काळी आमच्या आजोबांनी हजारची नोट कधी पाहिली असेल का? गिरणीतला पगारही त्या नोटेत होत नव्हता. २०१६ ला रद्द झालेली पाचशेची नोट नाका कामगाराची एका दिवसाची मजुरी होती. दिवस मोजले, पण नोट कोणाच्या हातातली होती ते मोजले नाही.

न्यायमूर्ती बी. व्ही. नागरत्ना यांचे मत वेगळे पडले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. कलम २६(२) चा रस्ता संचालक मंडळापासून सुरू होतो. मंडळाने स्वतः विचार करून शिफारस करायची असते. इथे सुरुवात सरकारने केली आणि मंडळाने चोवीस तासांत होकार दिला; बँकेच्या कागदांतूनच दिसते की हे केंद्राच्या इच्छेनुसार झाले. सरकारला स्वतःहून नोटा रद्द करायच्या असतील तर ते करू शकते, पण मग साधी अधिसूचना पुरत नाही, संसदेचा कायदा लागतो. गुप्तता हवी असेल तर आधी अध्यादेश काढावा. १९४६ ला अध्यादेश निघाला होता, १९७८ ला अध्यादेश आणि त्यावर कायदा झाला होता. सरकारचा हेतू चांगला होता हे त्यांनी मान्य केले आणि मार्ग बेकायदा होता असेही म्हटले.

या अल्पमताच्या शेवटाकडे आपले लोक सहसा लक्ष देत नाहीत. बेकायदा म्हणूनही त्यांनी दिलासा दिलेला नाही, कारण इतक्या वर्षांनी घड्याळ मागे फिरवता येत नाही. म्हणजे पाचही न्यायमूर्ती त्यांच्या बाजूने गेले असते तरी मावशींच्या डब्यात काही परत आले नसते. तोवर रद्द नोटांच्या किमतीपैकी ९९ टक्क्यांहून जास्त रक्कम बँकेत परत आली होती. दोन हजारची नोट येऊन तिचीही छपाई थांबली होती, आणि निकालानंतर पाच महिन्यांच्या आत, १९ मे २०२३ ला, रिझर्व्ह बँकेने ती मागे घ्यायला सुरुवात केली.

आता नायजेरियाकडे. हा आफ्रिकेतला सर्वाधिक लोकसंख्येचा देश, आपल्यासारखेच संघराज्य. बाजार, रिक्षा, शेतमाल, मजुरी यांचा मोठा भाग रोखीत. २६ ऑक्टोबर २०२२ रोजी तिथल्या मध्यवर्ती बँकेचे गव्हर्नर गॉडविन एमेफिले यांनी जाहीर केले की दोनशे, पाचशे आणि हजार नायराच्या नोटा नव्या रूपात येतील. कारणे ओळखीची होती. ३.२३ लाख कोटी नायरा चलनापैकी २.७३ लाख कोटी बँकांच्या बाहेर आहेत, बनावट नोटा वाढल्या आहेत, खंडणीखोरांना आळा घालायचा आहे. नव्या नोटा १५ डिसेंबरला आल्या आणि जुन्या ३१ जानेवारी २०२३ ला बंद होणार होत्या. मुदत नंतर १० फेब्रुवारीपर्यंत वाढली.

जुन्या नोटा बँकेत जमा झाल्या, नव्या पुरेशा छापल्याच नव्हत्या. एटीएमपुढे रात्र काढणारी माणसे, रोख देण्यासाठी वर जास्तीचे पैसे उकळणारे एजंट, काही शहरांत बँकांवर दगडफेक आणि जाळपोळ. आणि २५ फेब्रुवारीला राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक.

३ फेब्रुवारीला काडुना, कोगी आणि झामफारा या तीन राज्यांनी थेट सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. संघराज्य आणि राज्य यांच्यातला वाद थेट सर्वोच्च न्यायालयात नेण्याची सोय त्यांच्या घटनेत कलम २३२ ने केली आहे. आपल्याकडे अशी सोय कलम १३१ मध्ये आहे. पाचव्या दिवशी, ८ फेब्रुवारीला, सात न्यायमूर्तींच्या पीठाने अंतरिम आदेश दिला की १० तारखेची मुदत लागू करू नका. पुढे आणखी राज्ये दाव्यात आली.

सरकारने तो आदेश मानला नाही. १६ फेब्रुवारीला राष्ट्राध्यक्ष मुहम्मदू बुहारी यांनी भाषणात सांगितले की फक्त दोनशेची जुनी नोट १० एप्रिलपर्यंत चालेल, पाचशे आणि हजारच्या जुन्या नोटा गेल्या. ३ मार्चला निकाल लागला. न्यायमूर्ती इमॅन्युएल अगिम यांनी मुख्य निकालपत्र वाचले. मध्यवर्ती बँकेच्या कायद्याच्या कलम २०(३) प्रमाणे लोकांना वाजवी पूर्वसूचना द्यायला हवी होती, ती दिली नाही. राज्यांशी आणि घटनात्मक मंडळांशी सल्लामसलत झाली नाही. न्यायालयाचा आदेश धुडकावणे हे हुकूमशाहीचे लक्षण आहे. आणि तिन्ही जुन्या नोटा ३१ डिसेंबर २०२३ पर्यंत चालतील. मध्यवर्ती बँकेने त्यानंतरही दहा दिवस तोंड उघडले नाही. १३ मार्चला तिने बँकांना जुन्या नोटा देण्या-घेण्यास सांगितले. २९ नोव्हेंबरला न्यायालयाने डिसेंबरची मुदतही काढून टाकली आणि जुन्या व नव्या नोटा सोबतच चालू राहिल्या.

नायजेरियाचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. न्यायालयात गेलेले गव्हर्नर बुहारींच्याच पक्षाचे होते आणि निवडणुकीच्या तोंडावर रोख आटल्याने त्यांच्या पक्षाचे नुकसान होईल ही भीती त्यांच्या मनात होती. गरिबांच्या कळवळ्याने कोणी धावत गेले नव्हते. मतदानही टंचाईतच झाले. पण आदेश पाचव्या दिवशी आला आणि निकाल महिन्याभरात. सरकारने आदेश मोडला, तेव्हा तो मोडला हे निकालपत्रात लिहिता आले, कारण मोडण्यासाठी आदेश तरी होता. आणि तिथल्या बाईच्या कमरेच्या पिशवीतली जुनी नोट पुन्हा नोट झाली.

दुसरा फरक कायद्याच्या शब्दांचा आहे. त्यांच्या कायद्यात 'वाजवी पूर्वसूचना' हे शब्द आहेत, न्यायालयाला पकडायला काहीतरी होते. आपल्या कलम २६(२) मध्ये पूर्वसूचनेचा एक शब्द नाही. अधिसूचनेत जी तारीख असेल ती तारीख. आणि आता घटनापीठाने सांगून टाकले आहे की सर्व मालिका एकदम रद्द करता येतात आणि सुरुवात सरकारने केली तरी चालते. त्यामुळे पुढच्या वेळी याचिका करणाऱ्याची बाजू २०१६ पेक्षा लंगडी असेल. कलम ३२ ला बाबासाहेबांनी संविधानाचा आत्मा म्हटले. तो आत्मा सहा वर्षांनी जागा झाला तर उपयोग काय, हा प्रश्न वकिलांच्या परिषदेत विचारण्यासारखा आहे. आपल्या खासदारांना, मग ते कोणत्याही पक्षाचे असोत, विचारण्यासारखा प्रश्न याहून सोपा आहे: कलम २६(२) मध्ये पूर्वसूचनेची मुदत घालणारी दुरुस्ती तुम्ही मांडणार का?

इथे बाबासाहेबांच्या नावाने फिरणाऱ्या एका दाव्याबद्दल बोलले पाहिजे. 'दर दहा वर्षांनी चलन बदलावे असे बाबासाहेबांनी १९२३ मध्येच लिहिले होते' हा मेसेज २०१६ मध्ये नोटबंदीच्या समर्थनासाठी वापरला गेला आणि आपल्याही लोकांनी अभिमानाने पुढे ढकलला. डिसेंबर २०१६ मध्ये तर पैसे पाठवण्याच्या ॲपला भीम हे नावच देण्यात आले. 'रुपयाचा प्रश्न' या प्रबंधात दहा वर्षांचा असा सल्ला नाही. प्रबंधाचा रोख उलट दिशेने आहे. चलन चालवणाऱ्याच्या शहाणपणावर सोडू नये, त्याच्या हाताला नियमाची मर्यादा घालावी, हा त्यातला मुख्य मुद्दा. केन्सने ज्या सुवर्ण विनिमय पद्धतीची बाजू घेतली तिला बाबासाहेबांनी विरोध केला तो यासाठीच, आणि रुपये काढण्यावर पक्की सीमा मागितली. रुपयाची किंमत घसरते तेव्हा व्यापाऱ्याचा फायदा होतो आणि मजुरी घेणाऱ्याच्या ताटातले कमी होते, हेही त्यांनी दाखवले. ज्याला 'बाबासाहेबांचे अर्थशास्त्र' यावर भाषण करायचे आहे त्याने निदान प्रस्तावना आणि शेवटचे प्रकरण वाचून यावे.

नव्या नोटांवरचा एक खटला आपल्या मुंबईतच चालला आणि त्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. अंध व्यक्तींच्या संघटनेने उच्च न्यायालयात म्हटले की नव्या नोटा आणि नाणी हाताला ओळखू येत नाहीत. जुनी पाचशेची नोट ७३ मिलिमीटर रुंद आणि १६७ लांब होती. नव्या मालिकेत शंभर, दोनशे, पाचशे या सगळ्या नोटा ६६ मिलिमीटर रुंद, आणि दोनशे व पाचशे यांच्या लांबीत फरक फक्त चार मिलिमीटरचा. लोकलमध्ये वस्तू विकणारा अंध माणूस चार मिलिमीटर बोटाने मोजणार कसा? नोटांचा आकार सारखा का बदलता, असे न्यायालयाने रिझर्व्ह बँकेला विचारले होते. जानेवारी २०२० मध्ये बँकेने नोट ओळखणारे मोबाइल ॲप आणले. ॲपसाठी स्मार्टफोन लागतो, हे वेगळे सांगायला नको. नोट बदलणाऱ्यांच्या टेबलाभोवती कोण बसलेले नव्हते हे या चार मिलिमीटरवरून कळते.

राहिले ते ज्यांना मुदतीत नोटा बदलता आल्या नाहीत ते लोक. कोणी रुग्णालयात होते, कोणाच्या घरात म्हातारीच्या मृत्यूनंतर गाठोडे सापडले. त्यांच्या वैयक्तिक याचिका मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आल्या तेव्हा न्यायालयाने त्यात शिरायला नकार दिला आणि सरकारकडे अर्ज करा, सरकारने बारा आठवड्यांत ठरवावे, असे सांगितले. दरम्यान २०१७ चा कायदा लागू आहेच. त्याप्रमाणे रद्द झालेल्या नोटा जाणूनबुजून जवळ ठेवायच्या तर एकूण दहापर्यंतच ठेवता येतात, अभ्यासासाठी किंवा संग्रहासाठी पंचवीस. त्याहून जास्त असल्या तर दंड दहा हजार रुपयांपर्यंत किंवा नोटांच्या किमतीच्या पाचपट, यातला जो जास्त असेल तो. घरातल्या जुन्या ट्रंकेत आजीने ठेवलेल्या पाचशेच्या अकरा नोटा सापडल्या आणि आठवण म्हणून तुम्ही त्या तशाच ठेवल्या, तर साडेपाच हजारांच्या त्या कागदांवर दंड साडेसत्तावीस हजारांपर्यंत होऊ शकतो.